होय, नाही, थांब : एका प्रार्थना-वहीचा चौदा महिन्यांचा अनुभव

2023 च्या जानेवारीअखेरीस आमच्या मंडळीच्या वार्षिक मेळाव्यात, पुस्तकांच्या टेबलावर, विनंत्या आणि त्यांना मिळालेली देवाची उत्तरे नोंदवायची ही प्रार्थना-वही मी पहिल्यांदा हातात घेतली आणि महिला मंडळासाठी म्हणून एकदम बारा प्रती विकत घेतल्या. छापील किंमत 220 रुपये होती. बारा घेतल्यामुळे प्रत्येकी 200 रुपये पडले. त्यांपैकी एक वही मी स्वतः फेब्रुवारी 2023 पासून मार्च 2024 अखेरपर्यंत जवळजवळ रोज वापरली, आणि उरलेल्या अकरा भगिनींच्या वह्यांचे काय झाले हेही दर बुधवारच्या प्रार्थनासभेत पाहत आले. प्रकाशकाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. अशाच मांडणीच्या वह्या मी अन्य ठिकाणीही पाहिल्या आहेत, आणि मला जे म्हणायचे आहे ते एका प्रकाशकाविषयी नसून या मांडणीविषयी, म्हणजेच देव प्रार्थनेचे उत्तर कसे देतो याविषयी ही मांडणी आपल्या मनात जी समजूत रुजवते त्याविषयी आहे.

वहीच्या बाह्यरूपाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. 192 पाने, पुठ्ठ्याची बांधणी, खुणेसाठी तांबडी फीत, आणि मुखपृष्ठावर अल्ब्रेख्त ड्यूररने 1508 मध्ये रेखाटलेले ते जोडलेले हात, जे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर असतात. कागद पातळ आहे. शाईच्या पेनाने लिहिले तर अक्षर मागच्या पानावर उमटते, त्यामुळे बॉलपेनच वापरावे लागते. आठव्या महिन्यात बांधणी मधोमध सैल झाली आणि मी ती दोऱ्याने शिवून घेतली. रोज उघडायच्या वहीची बांधणी याहून पक्की असायला हवी होती.

सुरुवातीची बारा पाने प्रस्तावनेची आहेत आणि ती खरोखर चांगली आहेत. भाषा साधी आहे, वाक्ये एखाद्या समजूतदार पाळकाने वर्गात बसून सांगावीत तशी आहेत. स्तुती, पापांगीकार, उपकारस्तुती आणि मग विनंती, हा क्रम प्रस्तावनाकारांनी आग्रहाने मांडला आहे. प्रत्येक विनंतीला तारीख घालावी, ती शक्य तितक्या नेमक्या शब्दांत लिहावी आणि महिन्यातून एकदा मागची पाने वाचावीत, असे त्यांचे सांगणे आहे. ‘सर्वांचे भले कर’ अशी प्रार्थना करणाऱ्याला देवाने नेमके काय केले हे कधीच कळत नाही, हा त्यांचा मुद्दा मला पूर्णपणे पटला.

या सल्ल्याचा लाभ मला पहिल्या तीन महिन्यांतच झाला, आणि तो मी मोकळेपणाने नोंदवते. मे महिन्यात मागे वळून वाचले तेव्हा 41 विनंत्या लिहिलेल्या होत्या आणि त्यांपैकी नऊ गोष्टी घडूनही गेल्या होत्या, तरी मी त्यांबद्दल एकदाही देवाचे आभार मानले नव्हते. भाचीची प्रसूती सुखरूप झाली होती. शेजारच्या काकूंच्या रेशनकार्डावरील नावाची चूक सात महिन्यांनी दुरुस्त झाली होती. आमच्या गल्लीतील बंद पडलेली कूपनलिका पुन्हा चालू झाली होती, आणि त्या पाण्याने मी रोज भांडी घासत होते. पण मार्चमध्ये त्यासाठी गुडघे टेकले होते हे मनातून साफ पुसले गेले होते. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परत येतो. उरलेले नऊ कृतघ्न होते असे मी लहानपणापासून ऐकत आले. वही वाचताना वाटले की ते बहुधा घरी पोहोचण्याच्या घाईत विसरले असतील, माझ्यासारखेच. केवळ या एका कारणासाठी ज्यांनी कधीच प्रार्थना लिहून ठेवलेली नाही त्यांनी ही वही घ्यावी असे मी म्हणेन.

प्रार्थनांची नोंद ठेवण्याची रीत नवी नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात अनाथालय चालवणारे जॉर्ज मुलर यांनी ती आयुष्यभर पाळली. पैशाची गरज कोणाही माणसाला सांगायची नाही, फक्त देवाला सांगायची, असा त्यांचा नियम होता. ॲश्ले डाउन येथे त्यांनी पाच मोठ्या इमारती उभ्या केल्या, आणि 1898 मध्ये त्यांचे निधन झाले तोवर सुमारे दहा हजार मुलांचा सांभाळ त्या कार्यातून झाला होता. कोणत्या दिवशी किती पैसे नव्हते आणि कोणत्या वेळी ते आले, हे त्यांच्या नोंदींत तारखेनिशी सापडते. या वहीच्या प्रस्तावनेत मुलर यांचा उल्लेख आहे, आणि तो असणे योग्यच आहे.

मात्र त्यांच्या आयुष्यातील दुसरी एक नोंद प्रस्तावनेत असायला हवी होती. नोव्हेंबर 1844 मध्ये मुलर यांनी पाच व्यक्तींच्या तारणासाठी रोज प्रार्थना करायला आरंभ केला. पहिली व्यक्ती विश्वासात येण्यास दीड वर्ष लागले, दुसरीला आणखी पाच वर्षे, तिसरीला त्यानंतर आणखी सहा वर्षे. छत्तीस वर्षांनी त्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा उरलेल्या दोघांचे परिवर्तन झालेले नव्हते, आणि ते अजूनही रोज त्यांची नावे घेत होते. प्रवासात असोत, आजारी असोत, कितीही कामे अंगावर असोत, एक दिवस चुकवला नाही असे ते म्हणतात. या वहीत एका विनंतीच्या उत्तरासाठी दोन ओळींची जागा आहे.

येथून मी वहीच्या मुख्य मांडणीकडे येते. डाव्या पानावर तारीख, विनंती आणि आधारवचन लिहायचे. उजव्या पानावर ‘देवाचे उत्तर’ असा मथळा, त्याखाली तीन छोटे चौकोन, ‘होय’, ‘नाही’ आणि ‘थांब’, आणि त्याखाली त्या दोन ओळी. ज्या चौकोनात बरोबरची खूण करता येईल तेथे ती करायची. देव प्रत्येक प्रार्थनेला या तीनपैकी एक उत्तर देतो, ही शिकवण आपल्या रविवारच्या शाळांतून आणि उपदेशांतून इतक्यांदा दिली जाते की ती पवित्र शास्त्रातच लिहिलेली असावी असे वाटू लागते. मुलांना शिकवायला ती सोपी आहे आणि तिच्यात सत्याचा अंशही आहे. मोशेने यार्देनेपलीकडचा उत्तम देश पाहू दे म्हणून विनवणी केली तेव्हा, याविषयी पुन्हा माझ्याशी बोलू नकोस, असे त्याला सांगण्यात आले. याहून स्पष्ट ‘नाही’ कोणते असेल? मरणोन्मुख आजारी हिज्कीया राजाने भिंतीकडे तोंड करून अश्रू ढाळले आणि यशया संदेष्टा वाड्याच्या मधल्या चौकाबाहेर पडतो न पडतो तोच राजाला पंधरा वर्षांचे वाढीव आयुष्य मिळाल्याचे वचन आले. ते स्पष्ट ‘होय’ होते. पण मी जसजशी वही भरत गेले आणि त्याबरोबर शास्त्रातील प्रार्थना पुन्हा वाचत गेले, तसतसे माझ्या ध्यानात आले की या चौकोनांत न बसणारी उत्तरेच अधिक आहेत, आणि ख्रिस्ती माणसाला जगवणारी उत्तरे बहुतांशी त्यांतलीच आहेत.

शिलो येथे मूल नसलेली हन्ना मुलासाठी रडत प्रार्थना करते, ओठ हलतात पण आवाज निघत नाही, आणि एली याजक तिला मद्य प्यालेली समजतो. पुढे शमुवेल जन्मला म्हणून आपण तिच्या प्रार्थनेपुढे ‘होय’ अशी खूण करतो. परंतु त्याआधी, पहिल्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायाच्या अठराव्या ओवीत, एक लहानसे वाक्य आहे: ती निघून गेली, तिने अन्न खाल्ले, आणि तिचा चेहरा पुढे उदास राहिला नाही. तेव्हा गर्भ राहिलेला नव्हता, तिला डिवचणारी सवत पेनिन्ना घरी तशीच होती आणि एलीच्या आशीर्वादाखेरीज हाती काहीही आले नव्हते. त्या रात्री हन्नाकडे ही वही असती तर तिने काय लिहिले असते, असा विचार मी पुष्कळदा केला आहे. पहिले उत्तर तिला त्या जेवणातच मिळाले होते.

पौलाच्या देहातील काट्याविषयी तर आपण सर्वच जाणतो. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असे त्याला सांगण्यात आले. काटा राहिला म्हणून हे ‘नाही’ म्हणायचे, तर त्या वाक्यात जे दिले आहे ते कोणत्या चौकोनात टाकायचे? आणि गेथशेमाने बागेचे काय? प्रभू येशूनेही तेथे तीनदा प्रार्थना केली, दुःखाचा प्याला दूर झाला नाही, दुसऱ्या दिवशी वधस्तंभ आलाच. तरीही इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, मोठ्या आक्रोशाने व अश्रूंनी केलेल्या त्या प्रार्थनांविषयी बोलताना, त्याचे ऐकण्यात आले, असे लिहिले आहे. हे वाक्य वाचून मी कितीतरी वेळ पेन हातात धरून बसले होते. पुत्राची प्रार्थना ऐकण्यात आली आणि तरीही प्याला त्याला प्यावाच लागला, असे जर शास्त्र म्हणत असेल, तर ऐकले जाणे आणि मागितलेले मिळणे यांना एकच समजणारी कोणतीही मांडणी ख्रिस्ती प्रार्थनेला अपुरीच पडणार.

पानांच्या माथ्यावर छापलेल्या वचनांची निवडही याच कारणाने एकांगी झाली आहे. ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल’, ‘माझ्या नावाने काही मागाल तर मी ते करीन’, ‘प्रार्थना करून जे काही मागाल ते आपल्याला मिळालेच आहे असा विश्वास धरा’, अशी वचने फिरून फिरून येतात. ही वचने प्रभूची आहेत, ती मी जिवापाड जपते, आणि ती कमी करा असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु 192 पानांत अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र एकदाही येत नाही, जे अंधारातच संपते. तेरावे येत नाही, जे ‘किती काळ’ असे विचारत सुरू होते. आणि पवित्र आत्मा अवाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो हे रोमकरांस पत्रातील वचनही येत नाही. ज्या दिवशी माणसाला विनंतीचे शब्दच सुचत नाहीत त्या दिवसासाठी या वहीत एकही पान नाही. माझ्या चौदा महिन्यांत असे दिवस बरेच होते.

त्याचे कारण सांगते. जानेवारी 2023 मध्ये माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू गेली. वहीतील माझी अगदी पहिली विनंती, 11 फेब्रुवारीची, अशी आहे: ‘प्रभू, आईंना पुन्हा आपल्या पायांनी चालत मंदिरात येऊ दे.’ नेमक्या शब्दांत लिहा असे प्रस्तावनेत सांगितले होते, म्हणून मी नेमके लिहिले. रोज व्यायाम करून घेत होतो, तेल चोळत होतो, बुधवारी भगिनी येऊन हात ठेवून प्रार्थना करत होत्या. मार्च गेला, एप्रिल आला. पाऊल उचलले नाही. ‘थांब’ या चौकोनात खूण करावी असे मला दोनदा वाटले आणि दोन्ही वेळा हात मागे आला, कारण तसे करणे म्हणजे देवाने अजून न बोललेले वचन त्याच्या तोंडी घालण्यासारखे होते. ‘थांब’ म्हणजे पुढे कधीतरी मिळणार असा अर्थ होतो, आणि तसे मला कोणी सांगितले नव्हते.

त्या वर्षी 2 एप्रिलला झावळ्यांचा रविवार होता. दुपारी माझे धाकटे दीर दारात उभे राहिले. जमिनीच्या वाटणीवरून अकरा वर्षे ते आमच्या घरी आले नव्हते. सासरे गेले तेव्हाही स्मशानभूमीतूनच परतले होते. आईंची बातमी ऐकून ते आले, पलंगाजवळ बसले, आणि त्यानंतर दर रविवारी उपासनेनंतर येत राहिले. आईंना भरवण्याचे काम त्या दिवशी त्यांचेच असे. आई चालल्या नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, झोपेतच, त्या प्रभूकडे गेल्या. नंतर त्यांची पेटी आवरताना मला दुधाच्या हिशेबाची एक जुनी वही सापडली. लिटर आणि पैसे लिहिलेल्या पानांच्या मागच्या बाजूला, जवळजवळ प्रत्येक महिन्यात, त्यांच्या मोठ्या तिरक्या अक्षरात एकच ओळ होती: ‘प्रभू, धाकटा घरी यावा.’ तारखा नव्हत्या, आधारवचन नव्हते, आणि उत्तरासाठी जागाही सोडलेली नव्हती.

देवाने मुलाला आणण्यासाठी आईला आजार दिला, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि ज्या बापाविषयी येशूने सांगितले की तो भाकर मागणाऱ्या मुलाला धोंडा देत नाही, त्याच्याविषयी असे बोलायला माझी जीभ वळत नाही. मला एवढेच ठाऊक आहे की मी एक गोष्ट मागत होते, आई कितीतरी वर्षे दुसरी मागत होत्या, आणि आम्ही दोघींनी जेथे उत्तर शोधले नव्हते तेथे ते आले. चौथ्या शतकातील मोनिकेची गोष्ट मला त्या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवली. आपला मुलगा, पुढे मंडळीचा थोर शिक्षक झालेला ऑगस्टीन, याने कार्थेज सोडून रोमला जाऊ नये म्हणून ती समुद्रकिनाऱ्याजवळच्या एका प्रार्थनास्थळी रात्रभर रडत विनवणी करत राहिली, आणि त्याच रात्री तो तिला फसवून जहाजाने निघून गेला. तिची विनंती साफ नाकारली गेली. पण त्याच वाटेने तो पुढे मिलानला पोहोचला, तेथे बिशप अँब्रोझ यांचे उपदेश त्याने ऐकले, आणि 387 च्या ईस्टरला त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. नंतर ऑगस्टीनने स्वतः लिहून ठेवले की आई त्या रात्री जे मागत होती ते देवाने दिले नाही, कारण ती नेहमी जे मागत असे ते त्याला द्यायचे होते. मोनिकेच्या त्या रात्रीपुढे ‘नाही’ अशी खूण केली तर ती खोटी नाही, पण ती करून पान उलटले तर सगळीच गोष्ट हातची जाते.

‘होय’ या चौकोनालाही मर्यादा आहेत, आणि येथे आपल्या महाराष्ट्रातीलच उदाहरण मला द्यावेसे वाटते, कारण प्रस्तावनेत ते नाही याचे मला वाईट वाटले. पंडिता रमाबाईंनी मुलर यांचा जीवनवृत्तान्त वाचला होता आणि त्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला होता. 1896–97 च्या दुष्काळाच्या आधी लोणावळ्याला एका ख्रिस्ती मेळाव्यात त्या गेल्या असता त्यांच्याबरोबर विश्वासात आलेल्या पंधरा मुली होत्या. रमाबाईंनी देवाकडे मागितले की पुढच्या मेळाव्यापर्यंत या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. प्रार्थना नेमकी असावी म्हणतात ती याहून नेमकी कशी असेल! मग दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना तेथे ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर, जेथे नीट निवाराही नव्हता, त्यांना न्यावे लागले. तेथेच पुढे मुक्ती सदन उभे राहिले.

प्रार्थनेचे हे ‘होय’ असे आले. ते भुकेल्या तोंडांच्या, औषधपाण्याच्या आणि विहिरी खोदण्याच्या रूपाने आले, आणि मागणारीला 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने विसावा दिला नाही. आपण ‘होय’ म्हणतो तेव्हा प्रश्न सुटला असे गृहीत धरतो. रमाबाईंच्या बाबतीत उत्तर मिळाले आणि काम सुरू झाले. खूण करून महिन्याच्या बेरजेत धरायची अशी ही गोष्ट नव्हे.

आणि ही बेरीज हाच या वहीतील खरा दोष आहे. बाकीचे सारे मी सोसले असते. दर तीस दिवसांनी ‘मासिक आढावा’ नावाचे पान येते. त्यावर एकूण विनंत्या किती आणि मिळालेली उत्तरे किती, हे आकडे भरायचे असतात. एकटीने वापरताना मी ते पान सोडून देऊ लागले. पण आमच्या गटात एप्रिलमध्ये कोणीतरी चांगल्या हेतूने सुचवले की बुधवारी सर्वांनी आपापले आकडे वाचावेत म्हणजे साक्ष होईल. पहिल्या दिवशी आनंद झाला. दुसऱ्या महिन्यात आकडे वाढलेले दिसू लागले, आणि काही भगिनी सहज मिळतील अशाच गोष्टी लिहू लागल्या आहेत असे मला जाणवले. तिसऱ्या महिन्यात, जिचा मुलगा दारूच्या व्यसनात आहे अशी आमच्यातील एक भगिनी सभेला आली पण वही आणली नाही. पुढच्या बुधवारीही नाही, त्यापुढच्याही नाही. मी तिच्या घरी गेले तेव्हा तिने वही दाखवली: एकच विनंती, रोज नवी तारीख घालून, तीन महिने, आणि उजवी पाने सर्व कोरी. माझा विश्वास कमी पडतो का, असे तिने मला विचारले.

मला त्या क्षणी प्रेषितांच्या कृत्यांतील बारावा अध्याय आठवला. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो, आणि त्याच अध्यायात पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. पेत्रासाठी मंडळी एकाग्रतेने प्रार्थना करत होती असे तेथे लिहिले आहे. याकोबासाठी ती गप्प राहिली असेल असे मला तरी वाटत नाही. आणि पेत्र दार ठोठावतो तेव्हा ज्यांची प्रार्थना ऐकली गेली तीच माणसे, रोदा नावाच्या मुलीने तो आल्याचे सांगितले तर, ‘तू वेडी आहेस’ असे तिला म्हणतात. त्यांचा विश्वास भक्कम होता म्हणून पेत्र सुटला, असे त्या अध्यायातून कोणालाच सिद्ध करता येणार नाही. एकाच मंडळीला एकाच अध्यायात एक प्रेत मिळाले आणि एक सुटलेला माणूस, आणि दोघांचाही प्रभू एकच होता. मी त्या भगिनीला हे सर्व सांगितले, आणि मग आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसून तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचले. त्यानंतर गटात आकडे वाचणे आम्ही कायमचे थांबवले. तो मुलगा अजून सुटलेला नाही. ती दर बुधवारी वही घेऊन येते.

आणखी एक बाब नोंदवायला हवी. वहीत इतरांच्या विनंत्याही लिहिल्या जातात, त्यात आजार असतात, कर्जे असतात, घरातील भांडणे असतात, आणि या वहीला ना कुलूप आहे ना नावे झाकण्याची काही सूचना. एकदा माझी वही उपासनेनंतर बाकावर राहिली आणि एका कुटुंबाची अत्यंत खासगी गोष्ट भलत्याच व्यक्तीच्या वाचनात आली. चूक सर्वस्वी माझी होती, मी त्या कुटुंबाची क्षमा मागितली आणि त्यांनी ती दिली. तेव्हापासून मी नावाऐवजी आद्याक्षर लिहिते. खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करा असे ज्या प्रभूने सांगितले, त्याच्या नावाने निघालेल्या वहीत याविषयी दोन ओळी असायला हव्या होत्या.

ही वही कोणाला द्यावी, असे मला विचारले तर: नव्याने विश्वासात आलेल्यांना, स्थिरीकरणाच्या वर्गातील मुलामुलींना, आणि प्रार्थना सैल झाली आहे असे ज्यांना स्वतःलाच वाटते त्यांना जरूर द्यावी, प्रस्तावना आणि तारीख घालण्याची सवय एवढ्याने 220 रुपये वसूल होतात. ज्यांच्या घरी दीर्घ आजार आहे किंवा नुकतेच कोणी गेले आहे त्यांना मात्र ती भेट म्हणून देऊ नये, निदान सध्याच्या स्वरूपात तरी नको. प्रकाशकांना मी पत्र लिहिले आहे. तीन चौकोन काढून ते पान पूर्ण मोकळे ठेवावे, मासिक बेरजेचे पान गाळून त्या जागी उपकारस्तुतीचे पान घालावे, आणि विलापाची स्तोत्रे वचनांत घ्यावीत, अशा तीन सूचना त्यात आहेत. त्यांचे सौजन्यपूर्ण उत्तर आले असून पुढच्या आवृत्तीच्या वेळी विचार करू असे त्यांनी कळवले आहे.

तोवर, एप्रिल 2024 पासून, मी बाजारातून आणलेली एक साधी दोनशेपानी वही वापरते आहे. डावीकडे तारीख आणि विनंती, उजवे पान कोरे. पहिल्या पानावर विनंती नाही. तेथे दिरांचे नाव आणि 2 एप्रिल 2023 ही तारीख लिहिली आहे. जुन्या वहीतील 11 फेब्रुवारीच्या पानावर तिन्ही चौकोन मी रिकामेच ठेवले, आणि आईंची दुधाच्या हिशेबाची वही त्याच पानात घालून ठेवली आहे. त्यामुळे आधीच सैल झालेली बांधणी आता नीट मिटत नाही.